प्रमाणपत्रांच्या फायलीतला खेळ

महोदय,

दहावी-बारावीतील क्रीडागुणांची सवलत, महाविद्यालयीन प्रवेशातील खेळाडूंचा कोटा आणि शासकीय नोकरीतील ५ टक्के आरक्षण या तरतुदी रास्तच आहेत. पण अनेक पालक आता केवळ त्यांवर डोळा ठेवून मुलांना मैदानावर धाडतात, असे खेदाने म्हणावे लागते. माझ्या मुलीचा खो-खो संघ जिल्हास्तरावर एका गुणाने हरला, तेव्हा घामाघूम मुली खांबाजवळ कोण कशी बाद झाली यावर हुज्जत घालत होत्या आणि कुंपणापाशी एक गृहस्थ प्लास्टिकच्या फायलीतील प्रमाणपत्रे चाळत प्रशिक्षकांना विचारत होते, ‘विभागीय स्पर्धा हुकली, आता कोट्याचे काय?’ (वर्षभरापूर्वी मीही हेच विचारले असते.) खो-खोत एका वेळी संघाच्या ९ जणीच पाठलागाला उतरतात, त्यामुळे विद्यापीठ संघात कितीजणींना जागा मिळणार, हा हिशेब कोणालाही करता येईल. शाळांनी सत्रारंभीच्या पालकसभेत कोट्याचे निकष आणि उपलब्ध जागा स्पष्टपणे सांगाव्यात. हे काम खासगी प्रशिक्षण वर्गांच्या जाहिरातींवर सोडू नये.

— एक पालक, सातारा