क्वेरीच्या वेगासोबत चाचणीच्या अटीही छापाव्यात

संपादक महोदय,

एकच क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) लिनक्सवर इतक्या आणि विंडोजवर तितक्या सेकंदांत पूर्ण झाली, असे आकडे संगणकविषयक लिखाणात आणि विक्रेत्यांच्या सादरीकरणांत सर्रास दिसतात. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीचे सर्व्हर सांभाळणे हे माझे काम असल्याने सांगावेसे वाटते, की चाचणीच्या अटी सोबत नसतील तर हे आकडे ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल फारच थोडे सांगतात.

सर्वांत फसवा आकडा नोंदी लिहिण्याचा. व्यवहार कमिट झाला, म्हणजे डेटाबेसने तो पूर्ण झाल्याचे कळवले, की तो डिस्कवर पक्का उतरला, असे आपण धरून चालतो. मॅकओएसवर मात्र एफसिंक या डिस्कवर लिहिण्याच्या साध्या आदेशाने डेटा केवळ ड्राइव्हच्या हवाली होतो. ड्राइव्हने तो आपल्या कॅशमधून (तात्पुरत्या स्मृतीतून) कायमस्वरूपी माध्यमावर उतरवावा यासाठी वेगळा आदेश लागतो आणि मूळ सेटिंग बदलल्याशिवाय पोस्टग्रेस तो देत नाही. त्यामुळे एखादा लॅपटॉप सर्व्हरपेक्षा सेकंदाला अधिक व्यवहार नोंदवताना दिसला, तर त्यातले काही श्रेय वीज जाताच हरवू शकणाऱ्या नोंदींचे असू शकते.

विंडोजची अडचण निराळी आहे. पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस सुरू करते. लिनक्समध्ये हे काम चालू प्रोसेसची प्रत काढणाऱ्या फोर्कने स्वस्तात होते. विंडोजमध्ये तशी सोय नसल्याने नवी प्रोसेस मुळापासून उभी करावी लागते. म्हणून दर क्वेरीला नवी जोडणी उघडणाऱ्या चाचणीत विंडोज मागे पडते, आणि जोडण्या पुन्हा वापरण्यासाठी एकत्र (पूलमध्ये) राखून ठेवल्या की हा खर्च बराचसा टळतो. (अँटिव्हायरसला डेटाच्या फायली तपासायला मोकळीक असेल, तर आपण नेमके काय मोजतो आहोत हा प्रश्नच आहे.)

मराठी डेटाच्या बाबतीत क्रमवारीकडे विशेष लक्ष हवे. ‘सी’ लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषेनुसार क्रम ठरवणारे सेटिंग) तुलना निव्वळ बाइटनुसार होत असल्याने ती वेगवान असते; पण अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये असल्यामुळे ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’च्या आधी येते, जे आपल्या वर्णमालेनुसार नंतर यायला हवे. अशी चुकीची यादी लवकर मिळाली, याला वेग म्हणावे का? शिवाय क्रमाचे नियम बहुधा ऑपरेटिंग सिस्टीमच पुरवते. २०१८ मध्ये लिनक्सच्या ग्लिबसी या मूलभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने हे नियम बदलले, तेव्हा लिनक्स अद्ययावत करताच मजकुरावरचे जुने इंडेक्स (शोध वेगवान करणाऱ्या सूची) चुकीचे ठरू शकत होते. म्हणजे दोन लिनक्स यंत्रांचीही तुलना सरळ नसते.

टीपीसी ही डेटाबेसच्या वेगाच्या प्रमाणित चाचण्या ठरवणारी, १९८८ साली स्थापन झालेली संस्था आपल्या चाचण्यांचे निकाल जाहीर करताना यंत्रणेचा संपूर्ण तपशील आणि किंमतही उघड करायला लावते. वृत्तपत्राकडून तेवढी अपेक्षा नाही. पण असे आकडे छापण्यापूर्वी आवृत्ती, कमिटची पद्धत, लोकेल, जोडण्यांची व्यवस्था आणि क्वेरी पहिल्यांदा चालवली की कॅश भरल्यानंतर, एवढे तरी विचारून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक डेटाबेस प्रशासक, पुणे