चौदा दिवसांचा अहवाल 97 दिवसांनंतरही नाही : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

रंग आणि रसायने तपासण्यात उभे आयुष्य घालवलेला मी एक निवृत्त रसायनतज्ज्ञ आहे. नातीच्या बारशाची पंगत उठल्यावर उरलेल्या बुंदीच्या लाडवांचा पिवळाधमक रंग मला खटकला. एक लाडू कोमट पाण्यात कुस्करून गाळला, त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले आणि परीक्षानळीतले पाणी गुलाबी झाले. हळदही तीव्र आम्लात लालसर होते, पण पाणी वाढवताच ती लाली जाते. ही गेली नाही. मेटानिल यलो या कृत्रिम पिवळ्या रंगाची ही जुनी ओळख आहे आणि खाद्यपदार्थांत त्या रंगाला आपल्या देशात परवानगी नाही. पंगतीतल्या लहान मुलांना दुसरा लाडू मीच आग्रहाने वाढला होता, ही गोष्ट आजही मनातून जात नाही.

घरची चाचणी हा पुरावा नव्हे. म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याच दुकानातून, दुकानदाराला स्पष्ट कल्पना देऊन लाडू विकत घेतले आणि अन्नसुरक्षा व मानके कायदा, 2006 मधील कलम 40 नुसार शुल्क भरून नमुना तपासणीसाठी दिला. कलम 46 सांगते की, विश्लेषकाने अहवाल 14 दिवसांत द्यावा. आज 97 दिवस झाले. दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने चढून मी पाच खेपा घातल्या आणि पाचही वेळा ‘काम चालू आहे’ एवढेच ऐकून परतलो. कायदा वाचता येणाऱ्याची ही गत असेल, तर बाकीच्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

‘काम चालू आहे’ हे उत्तर वरपर्यंत झिरपलेले दिसते. अन्नातील सूक्ष्म प्लॅस्टिक मोजण्याच्या खात्रीच्या पद्धती ठरवण्यासाठी लखनौ, कोची आणि पिलानी येथील संस्थांसह प्रकल्प हाती घेतल्याचे आपल्या मंत्रालयाखालील अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर केले. त्याचे मी मनापासून स्वागत केले होते, कारण पद्धत एक नसेल तर एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले की, कागदी कपात 100 मिलिलिटर गरम द्रव 15 मिनिटे राहिल्यास सुमारे 25,000 सूक्ष्म कण त्यात उतरतात. ते येतात कपाच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पातळ अस्तरातून. कणांची संख्या म्हणजे अपायाचे माप नव्हे, हे मी रसायनतज्ज्ञ म्हणून ठामपणे सांगतो. कणांचा आकार, वजन आणि प्लॅस्टिकचा प्रकार कळल्याशिवाय भीती घालणे जितके चूक, तितकेच ‘घाबरू नका’ म्हणणेही चूक.

पाव चांगला फुगावा म्हणून पिठात घातल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेट या रसायनाचेही हेच झाले. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने 1999 मध्येच त्याला संभाव्य कर्करोगकारकांत घातले होते, ब्रिटनने तर 1990 मध्येच ते बंद केले होते. आपल्याकडे मात्र 2016 मध्ये एका बिगरसरकारी संस्थेने दिल्लीतले पाव तपासून निष्कर्ष छापले, तेव्हा बंदी आली. तपासणी हे सरकारचे काम असताना ते दुसऱ्यांनी करून दाखवल्याशिवाय यंत्रणा हलत नाही, हा माझा खरा आक्षेप आहे.

सूक्ष्म प्लॅस्टिकच्या प्रकल्पात काय आढळले ते पद्धतीसह, आकड्यांसह आणि मराठीतही प्रसिद्ध करावे, आणि कलम 40 खाली आलेल्या किती नमुन्यांचे अहवाल 14 दिवसांत गेले, हे जिल्हावार जाहीर करावे. माझ्या लाडवांचा अहवाल, तो माझ्याविरुद्ध जाणारा असला तरी, मला मिळावा. त्याच खरेदीतले तीन लाडू तारखेची चिठ्ठी लावून अजून माझ्या फ्रीजरमध्ये ठेवलेले आहेत.

आपला,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ