यंत्राबरोबर ड्रायव्हरचा मूळ कोडही मागावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि शिवाजी उद्यमनगरातील अनेक कारखान्यांत तपासणीची यंत्रे आता संगणकाला जोडलेली असतात. असा संगणक मध्येच गोठला, की पहिला संशय विजेवर, दुसरा रॅमवर जातो आणि शेवटी ‘फॉरमॅट मारून बघा’ असा सल्ला मिळतो. आमच्याकडे हे सारे करून झाले, नवा यूपीएसही आला. तरी कास्टिंग तपासणाऱ्या यंत्राचा लिनक्सवरील संगणक नेमका काम भरात असताना गोठतच राहिला. माऊस हलत नसे, कॅप्स लॉकचा दिवाही लागत नसे आणि नंतर लॉग पाहावा, तर त्यात तक्रारीचा एक शब्द नसे.

यंत्रातील कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, पुरवठादाराने केवळ तयार फाईलच्या रूपात दिला होता; त्याचा मूळ कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला वाचता येणारा मजकूर, दिला नव्हता. ‘जुन्या संगणकावर तो बिनतक्रार चालतो, तेव्हा दोष तुमच्या संगणकाचा’, हे त्यांचे ठरलेले उत्तर. अखेर आम्ही सिरियल केबलने दुसरा संगणक जोडला, कर्नलचे (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचे) संदेश तिकडे वळवले आणि कर्नलमधील वॉचडॉग हा पहारेकरी चालू ठेवला. एखादा प्रोसेसर सुमारे १० सेकंद इंटरप्ट (हातचे काम थांबवून लक्ष मागणारा संकेत) घेईनासा झाला, की तो प्रोग्रॅमच्या कोणत्या तुकड्यात, म्हणजे फंक्शनमध्ये, अडकला आहे, हे वॉचडॉग छापतो. छापून आलेली नावे त्याच ड्रायव्हरमधील होती. तो कागद पुढे ठेवल्यावरच मूळ कोड मिळाला.

चूक एका ओळीची होती. कार्डावरील माहिती वाचताना ड्रायव्हर स्पिनलॉक घेई, पण इंटरप्ट बंद करत नसे. स्पिनलॉक हे एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप; ते सुटेपर्यंत दुसरा मागणारा जागीच वाट पाहत राहतो. लॉक हातात असतानाच, त्याच प्रोसेसरवर कार्डाचा इंटरप्ट आला, की तो हाताळणारा ड्रायव्हरचा भाग, म्हणजे हँडलरही, तोच लॉक मागे. हँडलर संपल्याशिवाय मूळ काम पुढे सरकत नाही आणि मूळ काम सरकल्याशिवाय लॉक सुटत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही न संपणारा. काम जितके वेगात, तितके इंटरप्ट अधिक, म्हणूनच संगणक ऐन कामात गोठे. जुना संगणक एकाच प्रोसेसरचा होता आणि त्यासाठी बांधलेल्या कर्नलमध्ये स्पिनलॉक जवळजवळ नावापुरताच उरतो, त्यामुळे तिथे हा दोष झाकलेला राहिला. लॉक घेतानाच इंटरप्ट बंद करणारे फंक्शन वापरल्यावर त्रास थांबला.

खंत वेगळीच आहे. लॉक घेण्यातील अशा चुका पकडणारी ‘लॉकडेप’ ही सोय लिनक्स कर्नलमध्ये २००६ पासून आहे आणि संगणक प्रत्यक्ष गोठण्याआधीच ती इशारा देऊ शकते. मात्र त्यासाठी ही सोय चालू केलेल्या कर्नलसाठी ड्रायव्हर नव्याने बांधावा लागतो, म्हणजे मूळ कोड हवाच. शिवाय बंदिस्त परवान्याचा ड्रायव्हर चढवताच कर्नल ही तपासणी स्वतःहून बंद करते. आमचे दोन महिने आणि यूपीएसचा खर्च वाचला असता.

म्हणून येथील उद्योजकांच्या संघटनांनी यंत्रखरेदीच्या करारासाठी ड्रायव्हरचा मूळ कोड देण्याचे नमुना कलम तयार करावे, अशी विनंती आहे. एकट्या लहान कारखान्याचे पुरवठादार ऐकत नाही. आमच्या पुढच्या यंत्रासाठी आम्ही ते कलम घालून दोघांकडून कोटेशन मागवले. एकाने ते मान्य केले आहे, दुसऱ्याचे उत्तर अद्याप यायचे आहे.

आपला,
देखभाल विभागातील एक अभियंता, कोल्हापूर