नाव बदललं, ओळखक्रमांक तोच राहिला

संपादक महोदय,

चित्रपट-माहितीपटांच्या एकाच कामावर अनेक संकलकांनी (एडिटरांनी) मिळून बसण्याच्या नव्या सोयींविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. सोयी खऱ्याच आहेत. मात्र संकलनाच्या कामाची फाइल, म्हणजे प्रोजेक्ट, कॉपी करण्याच्या ज्या एका चुकीने आमच्या गटाचे चार दिवस खाल्ले, तिचा त्यात उल्लेख नव्हता. मी अकरा वर्षं सहायक संकलक आहे. फाइली जागेवर ठेवणं हेच माझं काम, म्हणून लिहितो आहे.

सहा भागांची माहितीपट मालिका होती. प्रत्येक भागाचं वेगळं प्रोजेक्ट, मुलाखतींचं एक प्रोजेक्ट, आणि सगळी एकाच सामाईक वर्कस्पेसमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र कामाच्या फोल्डरमध्ये. अशा रचनेत मुलाखतीची क्लिप भागाच्या टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे क्रमाने जोडायच्या पट्टीवर, घेतली तरी मूळ क्लिप मुलाखतींच्या प्रोजेक्टमध्येच राहते, टाइमलाइन तिच्याकडे नुसतं बोट दाखवते. चौथा भाग सुरू करताना एका सहकाऱ्याने तिसऱ्या भागाची फाइल फोल्डरमध्येच कॉपी-पेस्ट केली, तिला नवं नाव दिलं आणि आतला जुना सिक्वेन्स (क्लिपा जोडून केलेली मांडणी) काढून टाकला. शीर्षकं, ध्वनीचे ट्रॅक, बिनांची (क्लिपा ठेवायच्या कप्प्यांची) मांडणी, सगळं आयतं मिळालं. मीही हे कितीदा केलं आहे.

आठवड्याभराने कटकट सुरू झाली. चौथ्या भागातल्या क्लिपचं मूळ शोधायला जावं तर तिसरा भाग उघडायचा. एका भागात लावलेले मार्कर (खुणा) दुसऱ्यात दिसायचे. आम्ही आधी सर्व्हरवर संशय घेतला, मग नेटवर्कवर. कॅशे (तात्पुरत्या फाइलींचा साठा) पुसून झाला, संगणक बदलून झाले. तिसऱ्या रात्री मी दोन्ही फाइलींच्या प्रती बाजूला घेतल्या. आमच्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे आवळून ठेवलेला एक्सएमएल (खुणा घालून मांडलेला) मजकूर असतो, तो उलगडला की साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येतो. सॉफ्टवेअर प्रोजेक्टला नावावरून नव्हे, तर ज्यावरून ओळखतं तो ३६ अक्षरांचा ओळखक्रमांक दोन्हींत होता, आणि तो अक्षर न् अक्षर सारखा.

हा क्रमांक यूयूआयडी, म्हणजे जगात एकमेव ठरावा अशा ओळखक्रमांकाच्या प्रकारचा. त्याचे नियम आरएफसी ४१२२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात २००५ साली लिहिले गेले, २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ ने त्यांची जागा घेतली. तो १२८ बिटांचा असतो आणि त्याच्या चौथ्या आवृत्तीत १२२ बिट निव्वळ यादृच्छिक, म्हणजे नाणेफेकीसारखे, असतात. म्हणजे दोन प्रोजेक्ट वेगवेगळे जन्मले असतील तर त्यांचे क्रमांक योगायोगाने जुळण्याची धास्ती बाळगायचं कारणच नाही. ते जुळले की कुठेतरी फाइल कॉपी झाली आहे असं समजावं आणि शोध तिथूनच सुरू करावा. एवढं ठाऊक असतं तर आमचे तीन दिवस वाचले असते.

क्रमांक हाताने बदलून पाहण्याचा मोह मलाही झाला. प्रतीवर करून पाहिलं, तर निम्म्या क्लिपा पोरक्या झाल्या, कारण तो क्रमांक इतर प्रोजेक्टांतही नोंदलेला असतो. शेवटी जे उपयोगी पडलं ते असं. सगळ्यांना काम बंद करायला लावलं आणि अख्ख्या वर्कस्पेसची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली. जुना क्रमांक कोणाकडे ठेवायचा, हे इतर प्रोजेक्टं कोणाकडे बोट दाखवतात त्यावरून ठरवलं. तो मान तिसऱ्या भागाचा होता. चौथ्याची फाइल वर्कस्पेसबाहेर काढली, सॉफ्टवेअरच्या आतूनच नवं रिकामं प्रोजेक्ट तयार केलं आणि तिच्यातला सिक्वेन्स त्यात आयात केला. नवं प्रोजेक्ट, नवा क्रमांक. मग टाइमलाइनवरच्या एकेका क्लिपचं मूळ तपासत बसलो. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर बाकीच्या खटपटीला अर्थ राहत नाही. फुटेजला धक्का लागला नव्हता, कारण त्याची ओळख वेगळी असते. एमएक्सएफ या प्रकारच्या व्हिडिओ फाइलींत तर त्यासाठी यूएमआयडी नावाचा ३२ बाइटांचा वेगळा ओळखक्रमांक असतो.

त्या सहकाऱ्याला मी दोष देत नाही. ‘आधी प्रत काढ, मग हात लाव’ हे आम्हीच नवख्यांना शिकवतो आणि ते बरोबरच आहे. फक्त ती प्रत त्याच वर्कस्पेसमध्ये ठेवायची नसते, हे दुसरं अर्धं वाक्य शिकवायचं राहून जातं. संकलनाचे अभ्यासक्रम चालवणाऱ्यांनी ते पहिल्याच आठवड्यात सांगावं, ही माझी विनंती.

दुसरी विनंती सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना. फाइल हलवली, तिचं नाव बदललं किंवा बॅकअपमधून परत आणली तरी क्रमांक टिकायलाच हवा, नाहीतर सगळी बोटं हवेत राहतील. म्हणून कॉपी होताच क्रमांक आपोआप बदला, अशी मागणी मी करणार नाही. पण एकाच वर्कस्पेसमध्ये एकाच क्रमांकाची दोन प्रोजेक्टं शेजारी-शेजारी पडलेली दिसतात, तेव्हा शंकेला जागा उरत नाही. त्या क्षणी काम थांबवून दोन्ही फाइलींची नावं दाखवावीत आणि विचारावं, यातल्या कोणाला नवा क्रमांक देऊ? आम्ही ही तपासणी आता रोज संध्याकाळी एका छोट्या स्क्रिप्टने करतो. ती लिहायला मला अर्धा तास लागला.

आपला,
एक सहायक संकलक