काकू, टेबल आता संध्याकाळी सातला रिकामं असतं

प्रिय काकू,

नाव घालायचं नाही असं तुम्ही आधीच बजावलंत, म्हणून नुसतं काकू. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण घरी राहून हातातल्या कलेवर काही उभं करू पाहणारे बरेच जण मला विचारतात, ‘घर आणि काम दोन्ही कसं जमवतेस?’ मी जे उत्तर देते ते जवळजवळ सगळं तुमचं आहे. ते माझं म्हणून सांगत राहणं मला पटत नाही.

तुम्हीही हातानं वह्या बांधता, म्हणून तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले ती पिशवीत वाकलेल्या डायऱ्या घेऊन. एका कंपनीनं तीन आठवड्यांत १५० मागितल्या होत्या आणि मी आनंदानं हो म्हटलं होतं. तोवर मी घरी महिन्याला पाच-सहा वह्या हातानं बांधत होते. त्या तीन आठवड्यांत आमच्या घरात कुणी टेबलावर बसून जेवलं नाही. धाकटा रोज संध्याकाळी येऊन विचारायचा, “आई, आज टेबल जेवायचं आहे की वह्यांचं?” तक्रार नसायची त्याच्या आवाजात. बाहेर पाऊस आहे का, असं विचारावं तसं विचारायचा आणि ताट घेऊन जमिनीवर बसायचा. मला ते तेव्हा ऐकूच आलं नाही. ऐकू आलं नंतर, ४० डायऱ्या परत आल्यावर. पुठ्ठे पन्हाळीसारखे वाकले होते.

मला वाटलं होतं तुम्ही पटापट बांधायची एखादी युक्ती सांगाल. तुम्ही एक डायरी हातात घेतलीत, पान नखानं दुमडून पाहिलंत आणि म्हणालात, “कागद आडवा कापलाय.” मग त्याची पट्टी फाडून पाण्यात बुडवलीत. ती कशी गुंडाळली जाते त्यावरून कागदातले तंतू कुठल्या दिशेनं धावतात ते कळतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तंतू वहीच्या पाठीला, म्हणजे पानं शिवतात त्या कडेला, समांतर असले की घडी सरळ बसते आणि पान उघडल्यावर शांत पडून राहतं. उलट असले की घडीवर कागद तडकतो आणि ओल लागली की पानं लाटेसारखी उठतात. घाईत मला जो कागद मिळाला तो मी घेतला होता. त्यातून वेळ वाचवायला वह्या वजनाखाली रात्रभर ठेवल्या नव्हत्या. खळ वाळताना वर चिकटवलेला कागद आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. आतून लावलेलं अस्तर दुसऱ्या बाजूनं ओढून तोल साधतं, पण ती ओढाताण संपेपर्यंत वर वजन लागतं. ते तास कुणालाच कमी करता येत नाहीत.

मग तुम्ही एका कागदी कव्हरच्या मागच्या बाजूला हिशेब मांडलात. “एक वही बांधायला किती वेळ?” मला सांगता आलं नाही. तुम्ही मला घरी पाठवलंत, घड्याळ लावून सहा वह्या एकदम बांधायला सांगितलंत आणि मगच परत ये म्हणालात. वहीमागे १ तास ४० मिनिटं आली. १५० वह्यांचे २५० तास, म्हणजे आठवड्याला ८३ तासांहून जास्त. ते आकडे बघताना माझे डोळे भरून आले होते. तुम्ही पाणी दिलंत आणि पुढचा प्रश्न विचारलात. तो प्रश्न मी आजही माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला विचारते: “घर झोपलेलं किंवा बाहेर गेलेलं असताना तुझ्या हातात खरोखर किती तास उरतात?”

बारा. आठवड्याचे बारा.

“मग बारा तासांचा धंदा कर,” म्हणालात. इतक्या सरळ आवाजात मला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. सगळे ‘वाढव, वाढव’ एवढंच म्हणायचे.

हातकामाशिवायचा वेळही तुम्हीच मोजायला लावलात: चौकशीला उत्तर देणं, कागद आणणं, गुंडाळून पाठवणं, पैसे लिहून ठेवणं. वहीमागे ३५ मिनिटं निघाली. म्हणजे एकूण सव्वादोन तास, बारा तासांत पाच वह्या, महिन्याला २०. त्यातल्या चार तुम्ही पेन्सिलनं खोडल्यात. “मुलं आजारी पडतात,” एवढंच म्हणालात. गेली तीन वर्षं मी महिन्याला १६ वह्या घेते. त्या चार खोडलेल्या वह्यांनी मला किती वेळा वाचवलंय ते सांगताच येणार नाही. धाकट्याला ताप आला तेव्हा मी त्याच्याजवळ बसून होते आणि कुणाचीच वही उशिरा गेली नाही.

किंमतही तिथेच बदलली. आधी मी सामानाचा खर्च दुप्पट करायचे आणि त्याला किंमत म्हणायचे. आता सव्वादोन तासांची मजुरी आधी लिहिते, मग सामान, मग वाया जाणारा कागद आणि झिजणारी पाती. काही जुनी गिऱ्हाईकं तुटली, त्याचं वाईट वाटलं. पण सामानाच्या दुपटीत माझा वेळ कुठेच धरलेला नव्हता, आणि तो वेळ माझ्या एकटीचा नव्हता.

आता त्या शिकवणीबद्दल, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. तुम्ही वही बांधण्याच्या सगळ्या पायऱ्या एकेका चिठ्ठीवर लिहिल्यात आणि विचारलंत, “यातलं कुठलं काम दारावरची घंटा वाजली तर तस्सं सोडून उठता येतं?” आम्ही ढीग लावले. घड्या घालणं कधीही सोडता येतं. चार कागद दुमडून एकात एक घातले की सोळा पानी जुडी, म्हणजे फर्मा, असे सहा झाले की ९६ पानी वही. हे काम मी अभ्यास घेता घेता करते. शिवणीची भोकं टोचणं साच्यावर असलं की तेही थांबवता येतं. शिवण मध्येच सोडायची नाही, पण फर्म्याच्या टोकाला खालच्या फर्म्यात गाठ अडकली की दोरा धरून राहतो, तिथे उठता येतं. एक फर्मा जेमतेम चार मिनिटांचा असतो, आणि एवढं थांबायला पाच वर्षांचं मूलही शिकतं. खळ लावायला घेतली की मात्र उठायचं नाही, म्हणून ते काम सगळे झोपल्यावर. पाती आणि पट्टीचं, म्हणजे कापायचं काम, मुलं घरात नसतानाच. आणि वाळणं रात्रीचं, ते माझ्याशिवाय होतं.

काम तेच, तासही तेवढेच होते. पण त्या चिठ्ठ्यांनंतर माझी चिडचिड गेली, काकू. मूल हाक मारायचं आणि माझ्या हातात ओला कागद असायचा, म्हणून मी ओरडायचे. ओला कागद त्या वेळी हातातच नसला तर ओरडायचं कारण उरत नाही. खळीत थोडा पांढरा, फेव्हिकॉलसारखा डिंक मिसळला की ती लवकर धरते आणि तरी कागद सरकवायला अवधी राहतो, हेही तुमचंच. त्यानं माझ्या रात्री लवकर संपू लागल्या.

एकच आकार ठेव म्हणालात तेव्हा मी भांडले होते. मला वाटलं, यात माझं काही उरणार नाही. पण नवा आकार म्हणजे नवा साचा, नव्याने कापणी, नवं वाया जाणं. वही एकसारखी झाली आणि वाचलेला वेळ मी पुठ्ठ्यावर चढवायच्या वेष्टनाच्या कागदांना दिला. रंग कालवलेली खळ पसरून त्यावर फणी ओढायची, पुठ्ठ्याच्या दातऱ्यानं लाटा काढायच्या. दोन कागद सारखे होत नाहीत. माझी ओळख त्या कागदांनीच झाली. सुट्टीच्या दिवशी मुलंही माझ्याबरोबर खळीत हात घालतात. त्यांचे कागद विकायला लावायचे नाहीत, हे तुम्ही सांगितलेलं मी कसोशीनं पाळते. ते भिंतीवर लागतात, पतंगाला लागतात, कुणाच्या तरी वाढदिवसाला जातात.

आणि ‘नाही’ म्हणायचं भय. तुम्ही म्हणालात, “नाही म्हणू नकोस, तारीख सांग.” या महिन्याच्या १६ भरल्यात, पुढच्या महिन्यात तुमची पहिली, निम्मे पैसे आगाऊ. बहुतेक लोक थांबतात. गेल्या वर्षी पुन्हा एक मोठी मागणी आली, शंभराची. मी सात महिन्यांची मुदत सांगितली. ते दुसरीकडे गेले. त्या रात्री मी आधी हळहळले आणि मग निवांत झोपले.

तुम्ही स्वतः मुलं वाढवताना हेच काम केलंत, कुणी सांगायला नसताना. चिठ्ठ्यांचे ते ढीग तुम्हाला किती रात्रींनंतर सुचले असतील, ते तुम्ही कधी बोलला नाहीत. मला ते एका दुपारीत मिळालं. त्या दुपारी तुमचंही काम खोळंबलं होतं. दाबाखालून काढायच्या वह्या तशाच होत्या आणि तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

घडी दाबायची तुमची हाडाची पट्टी अजून माझ्याकडेच आहे. ‘हात बसला की आणून दे’ म्हणाला होतात. रविवारी घेऊन येते. वहीची पाठ गोल करायची राहिली आहे, ती शिकवाल का? मोठीलाही यायचंय, ती आता टोचा नीट धरते. आम्ही चारला पोचू.

तुमची,
वह्या बांधणारी