संचालक बदलताना रचना जपा

संपादक महोदय,

अमेरिकेतले नृत्यरचनाकार आणि नृत्यसंस्थेचे संस्थापक एल्विन एली १९८९ मध्ये वारले. त्यांच्यानंतर ज्युडिथ जेमिसन यांनी २०११ पर्यंत ही संस्था सांभाळताना एली यांची १९६० ची ‘रेव्हेलेशन्स’ ही रचना सोडली नाही, पण इतर नृत्यरचनाकारांची नवी कामेही आणली. दुसरे अमेरिकी नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांनी आपल्या संस्थेबाबत उलट ठरवले: आपल्या पश्चात अखेरचा दौरा, मग २०११ अखेर संस्था बंद, मात्र रचनांची टिपणे, प्रकाशयोजना, वेशभूषा जतन.

कोल्हापुरातल्या नृत्यगटांनी रचना जपण्याचे हे काम आजच करावे. नुसते समोरून केलेले चित्रीकरण पुरत नाही. मागच्या रांगेची पावले झाकली जातात, वजन कोणत्या पायावर तेही कळत नाही. मोजणी आणि मंचावरच्या जागा वहीत हव्यातच, शिवाय जुन्या नर्तकांनी तालमीला बसावे. नव्या संचालकाने पहिल्याच वर्षी सगळे जुने काढून टाकू नये.

– एक नृत्यशिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर