प्राजक्ताच्या गोळ्यांविषयी

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

प्राजक्ताची कंबर दुखते म्हणून घरातली डायक्लोफेनॅकची गोळी द्यावी का, असं तू विचारलंस. देऊ नकोस, अर्धीसुद्धा नको. तिला आता सातवा सरत आलाय आणि या दिवसांत ती गोळी बाळाच्या हृदयाजवळच्या एका नळीला आवळते.

पोटात बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो, फुप्फुसांना काम नसतं. म्हणून हृदयाच्या उजव्या बाजूने फेकलेलं बहुतेक रक्त फुप्फुस धमनीतून एका आखूड नळीवाटे थेट महाधमनीत वळतं. हिला डक्टस आर्टेरिओसस म्हणतात. जन्मानंतर ती आपणहून मिटते, पण तोवर उघडी राहायलाच हवी. तिला उघडी ठेवतं मुख्यतः प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातच बनणारं रसायन, आणि डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं दुखणं थांबवतात तीच मुळी प्रोस्टाग्लँडिन बनणं रोखून. औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं. नळी आकसली की उजव्या कप्प्यावर दाब चढतो, झडप गळू लागते, फार झालं तर बाळाच्या अंगात पाणी साठतं. जन्मल्यावरही फुप्फुसांतला दाब चढाच राहू शकतो. दिवस भरत येतात तशी नळी या औषधांना जास्त संवेदनशील होत जाते, 30 आठवड्यांनंतर धोका सर्वांत मोठा.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2020 मध्ये ही औषधं 20 आठवड्यांपासूनच टाळायला सांगितलं, ते वेगळ्या कारणासाठी: बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होतं.

गोळीचं नाव पाहून कळत नाही, म्हणून पाकिटावरचे घटक वाच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसेक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक अॅसिड, इंडोमेथॅसिन यांतलं काहीही असेल तर बाजूला ठेव. पॅरासिटामॉलच्या जोडीला यांतलं एखादं घातलेल्या गोळ्या असतात, फसगत तिथेच होते. कंबरेला लावायचं जेलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्वचेतून थोडं औषध रक्तात जातंच. दुखणं किंवा ताप असेल तर नुसतं पॅरासिटामॉल, 500 मिलिग्रॅमची एक, गरज पडली तर सहा तासांनी दुसरी, तेही डॉक्टरांना कळवून. ताप मात्र अंगावर काढू देऊ नकोस.

तिने आधीच एखादी घेतली असेल तर घाबरू नका, पण लपवूही नका. किती मिलिग्रॅम, केव्हा, किती वेळा, हे डॉक्टरांना सांगा. गरज वाटली तर ते फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, करतील. त्यात डॉपलरने त्या नळीतला रक्ताचा वेग मोजतात, नळी अरुंद झाली की वेग वाढतो. औषध थांबवल्यावर बहुतेकदा एक-दोन दिवसांत ती पुन्हा सैल होते.

एक अपवाद. रक्तदाबाच्या भीतीने डॉक्टरांनी कमी मात्रेचं अॅस्पिरिन दिलं असेल, तर माझं हे पत्र वाचून ते बंद करू नका. त्या मात्रेचा हिशेब वेगळा आहे, केव्हा थांबवायचं ते डॉक्टर सांगतील.

जीवनसत्त्वांचं म्हणशील, तर लिहून दिलेली एकच गोळी चालू ठेव. "बाळासाठी चांगलं" म्हणून दुसरी कंपनी, वर कॉड लिव्हर ऑइल, असं नको. रेटिनॉल या रूपातलं अ जीवनसत्त्व सगळ्या गोळ्यांचं मिळून दिवसाला 10,000 युनिटच्या वर जाऊ देऊ नये. गाजरातलं बीटा कॅरोटीन यात मोजू नकोस. फार जास्त रेटिनॉलचा खरा घात पहिल्या दोन महिन्यांत होतो, कारण हृदय आणि मोठ्या धमन्या तेव्हा घडत असतात.

म्हणूनच हे सुमेधाला आजच सांग, कारण ती आता बाळाचा विचार करते आहे. मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर दिवस राहण्याआधी निदान महिनाभर बंद हवं. ते अ जीवनसत्त्वाचंच भावंड, आणि महाधमनीची कमान व हृदयातून निघणाऱ्या धमन्या यांत दोष निर्माण करू शकतं. फॉलिक अॅसिड 400 मायक्रोग्रॅम मात्र आधीपासूनच सुरू करावं. मधुमेह किंवा फिटचं औषध असेल तर मात्रा वाढवावी लागते, ते तिच्या डॉक्टरांनी ठरवावं. फिटचं औषध आपल्या मनाने सोडायचं नाही.

प्राजक्ताच्या पुढच्या तपासणीला सगळी पाकिटं एका पिशवीत घालून ने, मलमं आणि काढेसुद्धा.

तुझी,
मनीषा